शवपेटीवरचा चेहरा

वेतियाबाई हसत कारखान्यात शिरल्या आणि माझ्या हातातली छिन्नी निसटून पायावर पडली.

"अरे, भूत पाहिल्यासारखा काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "माझ्या केसांचं सांगायला आलेय. रोममध्ये आता तो जुना अंबाडा कुणी घालत नाही. माझी वेळ येईल तेव्हा कपाळावर हे असे कुरळे केस कोर."

आमच्याकडे नवराबायको हौसेने जिवंतपणीच एक दगडी शवपेटी घेऊन ठेवतात. तिच्यावर दोघांचे देह, कपड्यांच्या चुण्या, हातात हात, सगळं कोरायचं. चेहऱ्यांच्या जागी मात्र ओबडधोबड दगड ठेवायचा. माणूस गेल्यावरच त्याचा चेहरा करायचा. तीस वर्षांत मी हा नियम मोडलेला नाही.

मी पेटीसमोर आडवा उभा राहिलो, पण त्यांनी मला बाजूला सारलं. नवऱ्याच्या मानेवर अजून नुसता दगड होता. शेजारी त्यांचा स्वतःचा चेहरा होता, पार बुबुळांसकट पुरा झालेला.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या मालकांनीच. चार दिवसांपूर्वी आले होते. रडत होते, बाईसाहेब. मला वाटलं, तुम्ही..."

त्यांचा हात गळ्याशी गेला. "खोकला झालाय मला. साधा खोकला. चार दिवस ते स्वतःच्या हातानं काढा करून पाजताहेत. आजचा मी आत्ताच पिऊन निघाले."

मी काही बोलायच्या आत त्या संगमरवराच्या चुऱ्यात गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी दोन बोटं घशात खुपसली.