गल्लीतला दुसरा ओव्हन

पत्र आलं तेव्हा एस्त्रेलाने ते अंथरुणात पडल्या पडल्या दोनदा वाचलं. मग उठली आणि एसी बंद केला.

‘तुमच्याच गल्लीत, तुमच्याएवढंच घर, तसाच पावाचा ओव्हन आणि तशीच तीनचाकी असलेलं एक कुटुंब तुमच्याहून एक तृतीयांश कमी वीज आणि पेट्रोल वापरतं.’ वर विद्यापीठाचं नाव, खाली शिक्का.

“या गल्लीत दुसरा ओव्हन कुणाकडे आहे?” तिने विचारलं.

“समोरच्या मेदीकडे,” तिचा नवरा तेओफिलो म्हणाला. पत्र त्यानेच फाटकावरून आणलं होतं. “संशोधन आहे ते. तू कशाला मनावर घेतेस?”

विद्यापीठाची माणसं दोन महिन्यांपूर्वी येऊन गेली होती. घरं, वाहनं आणि छोटे कारखाने यांची ऊर्जेची भूक कशी कमी करता येईल, याचा अभ्यास इलोइलो शहरभर चालला होता. त्यांनी मीटरशेजारी एक डबी बसवली, तेओफिलोची सही घेतली आणि गेली. एस्त्रेला तेव्हा आतल्या खोलीत निजून होती. मुलगी नर्स होऊन कॅनडाला गेल्यापासून ती तशीच असायची. खिडक्या बंद, एसी चालू, तोंड भिंतीकडे. ओव्हन तेओफिलो त्याला जमेल तसा चालवायचा.

पण मेदीचं नाव निघालं आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

कारण तसंच होतं. लग्नाआधी दोन वर्षं तेओफिलो गिटार घेऊन मेदीच्या खिडकीखाली गायला जायचा. त्याला पस्तीस वर्षं झाली होती, पण चर्चच्या उत्सवात दोन घोट पोटात गेले की गल्लीतलं कुणी ना कुणी ती आठवण काढायचंच. चर्चमधले पाद्रीबाबाही सकाळचा पाव मेदीकडूनच मागवायचे.

एस्त्रेलाने खिडक्या उघडल्या. पहाटे उठून ती एका दमात चार ट्रे भाजायला लागली, म्हणजे ओव्हन पुन्हा तापवायला नको. बाजारात चालत जायला लागली. महिन्याभरात तिचे गाल वर आले. तेओफिलो जेवताना तिच्याकडे बघत राहायचा.

“काय बघतोस?”

“काही नाही. आणखी मासे घे.”

दुसरं पत्र आलं. ‘तुमचा वापर कमी झाला आहे. शेजारच्या कुटुंबाचा त्याहून कमी आहे.’ तिसऱ्यातही तेच, चौथ्यातही तेच. तिने फ्रिज रिकामा करून बंद ठेवला, कपडे हाताने धुतले, तीनचाकीच्या फेऱ्या निम्म्यावर आणल्या. तरी मेदी पुढेच. समोरच्या घरात मात्र दिवसभर पंखे फिरत, टीव्ही चालू, मेदी दारात बसून केसांना तेल लावतेय.

सातव्या पत्रानंतर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढं वापरून आकडा कमी कसा येईल? खांबावरून परस्पर तार ओढल्याशिवाय?

तेओफिलोला न सांगता ती वीज कंपनीच्या कचेरीत गेली. नाव दिलं नाही, फक्त घर नंबर दिला.

उत्सवाला दोन दिवस असताना माणसं शिडी घेऊन आली. तपास होईपर्यंत मेदीची वीज तोडली. सगळी गल्ली दारात उभी होती. मेदी मधोमध उभी राहून सांगत होती, “बघा, सगळं बघा. मी कशाला चोरी करू?” एस्त्रेला पडद्याआडून बघत होती. कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेदी मळलेल्या कणकेचं घमेलं कमरेवर घेऊन दारात आली.

“एस्त्रेला, तुझा ओव्हन दोन तास देतेस? उत्सवाच्या गोड पावांची सगळी ऑर्डर माझ्याकडे आहे. कणीक फुगून चाललीय.”

“माझा आकडा वाढेल.”

“कसला आकडा?”

“तुला माहीत नाही होय!”

मेदी घमेलं कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेऊन उन्हातून परत गेली. त्या वर्षी चर्चचे पाव बाहेरच्या बेकरीतून आले. पाचव्या दिवशी कंपनीने वीज जोडून दिली. काही सापडलं नाही, असं कळवलं. पाद्रीबाबांची ऑर्डर मात्र पुन्हा मेदीकडे गेली नाही.

वर्ष संपलं तेव्हा विद्यापीठाची मुलगी डबी काढायला आली. ग्लेंडा नाव. एस्त्रेलाने तिला कॉफी दिली, गरम पाव दिला.

“काकू, कमाल केलीत. निम्म्याहून कमी. आमच्या यादीत असं दुसरं घर नाही.”

“म्हणजे मेदीला हरवलं?”

“कोण मेदी?”

“समोरची. तुमच्या पत्रांत असते ती.” एस्त्रेलाने कपाटातून पत्रांचा गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला.

ग्लेंडाने वरचं पत्र वाचलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं, मग आपल्या वहीत पाहिलं. “काकू, आम्ही अर्ध्याच घरांना पत्रं पाठवत होतो. पत्र नसलं तर माणसं काय करतात, तेही बघायचं असतं ना. तुमचं घर त्या बिनपत्राच्या गटात आहे.” तिने वहीचं पान उलटलं. “आणि समोरच्या बाईंनी तर नावच दिलं नव्हतं. तिथे आमची डबीच नाही.”

एस्त्रेलाने हळूच मान वळवली. तेओफिलो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात पुसायचं फडकं.

“तू त्या खोलीतून बाहेरच येत नव्हतीस,” तो म्हणाला. “मला वाटलं, मेदीच्या रागाने का होईना, उठशील.”