घाट चढलेली माशी

घाटमाथ्यावरच्या पेरूबागेतल्या सापळ्याचं झाकण कीडतज्ज्ञ वृंदाने उघडलं. आत नऊ फळमाश्या मरून पडल्या होत्या.

"मॅडम, तुमीच नकाशा दाखवून सांगितलं व्हतं," बागवाले सोनबा म्हणाले, "हितली थंडी जायला वीस वर्सं लागतील, तवर माशी घाट चढायची न्हाई."

तापमान, पाऊस, वारा, सगळं तिने संगणकात घातलं होतं. मग चुकलं कुठे? आतून सडलेले पेरू बागभर पडले होते, आणि सड सुरू झाली होती घराशेजारच्या झाडापासून. "इथूनच कशी?" तिने विचारलं.

सोनबांची बायको हळूच म्हणाली, "मागल्या खेपेला तुमी पेरू आनले, ते किडके निघाले. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई. त्याच झाडाखाली टाकले."

माशी पसरलेल्या घाटाखालच्या गावात कुणीतरी प्रेमाने दिलेले ते पेरू. कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून वृंदाने इथे आणले होते.

ती निघाली, तेव्हा बाईने त्याच बागेतले, वरून एकही डाग नसलेले चार पेरू तिच्या पिशवीत घातले.

"वरच्या वाडीला चाललात न्हवं? रिकाम्या हातानं कशा जाल?"