एकेरी भाडं

यान स्थानकाच्या तोंडाशी अडलं होतं आणि आतले प्रवासी कुरकुरायला लागले होते. आत शिरायची परवानगी काही येईना. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. खेळातलंच यान, खेळातलेच प्रवासी. पण उशिराची धास्ती खरीखुरी.

संगणकावरच्या त्या अंतराळात तिची आणि तिच्या धाकट्या भावाची प्रवासी वाहतुकीची कंपनी होती. भाऊ दुसऱ्या गावातून खेळायचा. गिऱ्हाईक तो शोधायचा, यान ती चालवायची. या ग्रहावरची माणसं त्या ग्रहावर न्यायची, धक्का लागू न देता उतरवायची. हा खेळ भावानेच मागे कधी आला होता तेव्हा बसवून दिला होता. त्यानंतर नवऱ्याने त्याचं येणं तोडलं. खेळ मात्र राहू दिला. "उडव विमानं," तो हसून म्हणाला होता. "तेवढीच घरात टिकतेस."

सकाळी गोदामावर निघताना तो तिचा फोन स्वतःच्या खिशात टाकायचा. दाराला आतून कुलूप, किल्ली त्याच्या आईच्या हाती. मग दिवसभर घरात ती, तिची छोटी मुलगी आणि सासूबाई. दुपारी केव्हाही त्याची मोटारसायकल गल्लीत वाजायची. दार उघडायला जरा उशीर झालेला त्याला खपत नसे. आवाज आला रे आला की सासूबाई धडपडत दाराकडे जायच्या. तिथे लेकाच्या कानाला लागून काय काय सांगत असतील, देव जाणे. मागे एकदा त्याने वाढलेलं ताट भिंतीवर भिरकावलं, तेव्हाही सासूबाईंनी ब्र काढला नव्हता. खाली मान घालून त्या भिंतीवरचं कालवण पुसत राहिल्या.

दुपारी छोटी झोपली की ती खेळायला बसायची, आणि सासूबाई खुर्ची ओढून तिच्या मागे. पहारा, दुसरं काय!

"ही माणसं कुठे निघाली?" आज त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या ग्रहावर."

"परत आणतेस त्यांना?"

"नाही. एकेरी भाडं असतं."

सासूबाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाल्या, "आणि तिकडे ज्याचं कोणीच नाही, त्याचं काय करतेस?"

"त्यालाही नेते हो, आई," ती वैतागून म्हणाली. "तुझं तिकडे कोण आहे, असं यान विचारत नाही."

परवानगी आली. तिने यान हळूच आत घेतलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात भावाची अक्षरं उमटली. नवरा रोज तिचा फोन तपासायचा, पण खेळातल्या खेळात बोलता येतं हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. 'ताई, उद्या दुपारी. मागच्या गल्लीत गाडी लावतो. तू आणि छोटी. सामान नको.'

तिने झटकन निरोप मिटवला आणि मागे पाहिलं. एरवी उशाशी पडलेला चष्मा आज सासूबाईंच्या डोळ्यांवर होता.

"काय लिहिलं होतं गं?"

"प्रवासी कावलेत."

"कावतील नाही तर काय," म्हणून त्या उठून गेल्या.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने नेहमीसारखं विचारलं, "आई, आज काय विशेष?" तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"काही नाही," सासूबाई ताटातून नजर न उचलता म्हणाल्या. "बसली होती विमानं उडवत."

तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. सकाळी त्याला एकट्याला गाठून सांगतील. नाहीतर उद्या ऐन वेळी आरडाओरडा करतील. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सासूबाईंचा डोळा लागला की उशाखालची किल्ली काढायची, एवढाच तिचा बेत होता. पण दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी सासूबाई आडव्या होईनात. कपाट उघडत होत्या, बंद करत होत्या. या खोलीतून त्या खोलीत नुसत्या फेऱ्या. तिने पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावलं. मागच्या गल्लीत गाडी उभी होती. बॉनेट उघडून भाऊ उगाच आत बघत होता. असा किती वेळ बघणार? लोक विचारायला लागतील. आणि मोटारसायकल आली तर?

तिने छोटीला उठवलं, चपला घातल्या आणि तिचा हात धरून ती बाहेरच्या खोलीत आली. दारापाशी सासूबाई उभ्या होत्या. किल्ली त्यांच्या मुठीत होती.

"आई, मला जाऊ द्या," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "तुमच्या पाया पडते. त्यांना सांगा, तुम्ही झोपला होतात, मी किल्ली चोरली."

सासूबाई वळल्या आणि किल्ली कुलपात घालू लागल्या. किल्ली भोकात पटकन बसेना. वर केलेल्या हाताची बाही मागे सरली. कोपराखाली एक वळ पिवळा पडला होता. त्याच्या शेजारचा अजून निळा होता.

ती बघतच राहिली.

कुलूप खटकन उघडलं. आता तिला दिसलं, सासूबाईंच्या पायात चपला होत्या आणि काखेत औषधांची पिशवी.

"भावाला विचार," छोटीचा दुसरा हात धरत त्या म्हणाल्या, "गाडीत तिघी मावतील ना?"