घटनाकारांना फोन

फिलाडेल्फियाच्या कोर्टातून न्यायमूर्ती मृणालिनी धारप यांनी नेहमीप्रमाणे १७८७ सालाला, म्हणजे अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली त्या सालाला, फोन लावला. अधिकारी नेमताना राष्ट्राध्यक्षाला सिनेटची संमती लागते. मग काढतानाही लागते का, एवढाच प्रश्न होता. बडतर्फ झालेला अधिकारी समोर जीव मुठीत धरून बसला होता.

"राज्यघटनेत हे लिहिलेलंच नाही. तुमच्या मनात काय होतं?" त्यांनी घटनाकारांपैकी एक, क्रेनसाहेब, यांना विचारलं.

"बाई, आमचं एकमतच होईना," क्रेन म्हणाले. "त्यात उकाडा, आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. म्हटलं, पुढचे बघतील. किती वर्षं झाली?"

"अडीचशे होत आली."

"आणि अजून मलाच विचारताय?"

कोर्टात खसखस पिकली. धारपबाईंनी फोन ठेवला, चष्मा चढवला आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच खटल्याचे कागद स्वतः वाचायला घेतले.