नकली साठा

ज्या उत्तरावर प्राण अवलंबून असतो, ते खोट्या साक्षीने पारखणे अधर्म होय. सर्पदंशाची लस कोणत्या आरोग्यकेंद्रात आहे, हे सांगणारी संगणकप्रणाली शहापुरात उद्या सुरू होणार होती. उत्तर दाखवणारा भाग कान्हाने रचला, साठा मोजणारा मुरबाडच्या मंडळींनी. उंबरमाळीच्या आपल्या घरी काम करताना रेंज नसल्याने कान्हाने चाचणीपुरता साठ्याचा नकली भाग जोडला. तो सदैव ‘आहे’ म्हणे. संध्याकाळी कचेरीत येऊन त्याने वरिष्ठ सहकारी अपेक्षाला विचारले, “अपेक्षाताई, सगळ्या टेस्ट पास. जाऊ घरी?” “तुझा नकली कधी ‘नाय’ बोललाय का रे? खरा जोड,” थकलेली अपेक्षा म्हणाली. खरा भाग जोडला. रिकाम्या केंद्रासमोरही ‘लस आहे’ उमटले. नकार ओळखायला कान्हाचा भाग शिकलाच नव्हता. “उद्घाटनासाठी आईनं नवी साडी घेतलीय गो,” पुटपुटत त्याने साहेबांना फोन लावला, “उद्या नाय जमणार.” दोघांनाही शांत निद्रा, रानवाटेवरील पावलांना अभय लाभो.