सतराचे एकवीस

घड्याळजीने थर्मामीटर पाण्यातून वर काढलं. लाल रेघ सतरावर होती. त्याने वहीत एकवीस लिहिलं, खाली सही ठोकली आणि पुलाच्या कठड्याला लाल पाटी अडकवली.

आजचा हा लाल पाटीचा एकोणिसावा दिवस.

ओढा मंडळाचा नियम साधा होता. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्या दिवशी गळ टाकायचा नाही. कोमट पाण्यात माशाला श्वास पुरत नाही. झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी मरतो. आणि मंडळात मासा सोडूनच द्यायचा असे. गळाला पिसं बांधून केलेली खोटी माशी, काठीवरच्या खुणांनी मोजलेली लांबी, आणि मासा परत पाण्यात. लांबी ज्याची त्याने सांगायची, शब्दावर विश्वास. सगळ्यात लांब मासा ज्याचा, त्याचं नाव मंडळाच्या खोलीत भिंतीवर.

त्या भिंतीवर चौदा उन्हाळे घड्याळजीचं नाव होतं. अठ्ठावन्न सेंटिमीटर. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक उरलं नव्हतं, सासुरवाडीत कोणी काडीची किंमत देत नव्हतं. ती भिंत तेवढी त्याची होती.

आणि मग साडू मंडळात आला. धाकट्या मेव्हणीचा नवरा, बेकरीवाला. गळ कसा फेकायचा हे घड्याळजीनेच त्याचं मनगट धरून शिकवलं. या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच साडूने सत्तावन्नचा मासा काढला.

"एकच सेंटिमीटर उरला म्हणे," बायको त्या रात्री जेवताना म्हणाली. "आईने फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय."

"कुणाचा?"

"माशाचा. म्हणजे, जावयाच्या हातातल्या माशाचा."

"आपल्या लग्नाचा लावला होता का कधी?"

"अहो, जरा लांब बसा. तुम्ही जळताय, आणि भाजी करपली असं वाटून मी दोनदा उठून आले."

दुसऱ्या दिवसापासून त्याने आकड्यात चार मिळवायला सुरुवात केली. पहिल्या सकाळी सोळाच होते; सोळाचे वीस करून भागणार नव्हतं, तेव्हा त्या दिवशी थोडं थांबून, ऊन वर आल्यावर सतरा पाहिले आणि एकवीस लिहिले. पुढे सतराचे एकवीस, अठराचे बावीस. रोज बरोबर चार. खोटं बोलायचं तर तेही घड्याळासारखं, एका चालीत. साडूचा गळ पाण्यात पडता कामा नये, बस्स.

त्या सकाळी मंडळी काठावर वाळुंजाची रोपं लावत होती. पाण्यावर सावली पडली तर ओढा थंड राहील, असा बेत. मुख्याध्यापिका बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि म्हणाल्या, "खरंच हो, कोमट लागतंय."

घड्याळजीला हसू आवरेना. पाटी वाचली की लोकांच्या पायांनाही तसंच वाटायला लागतं! त्याने स्वतः कधी हात घालून पाहिला नव्हता. हाताला काय कळतं? आकडा तो आकडा.

साडू पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी खड्डे खणत होता. एकोणीस दिवसांत त्याने एकदाही कुरकुर केली नव्हती, आणि घड्याळजीला त्याचाच जास्त राग येत होता.

"काय रे, हात शिवशिवत असतील ना?"

"माशाचा जीव महत्त्वाचा, दादा." साडूने उघड्या वहीतला आजचा आकडा पाहिला. मग थर्मामीटरकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय?"

"काही नाही. पाणी प्या, ऊन लागेल."

साल्याला संशय आलाय, घड्याळजीने ताडलं. आता वेळ घालवून चालणार नव्हतं.

दुपारी मंडळी आणखी रोपं आणायला गेली. घड्याळजी गळाची काठी घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला. गार झरा ओढ्याला मिळतो तिथे मासे दाटीवाटीने उभे होते, जणू त्याचीच वाट पाहत. तिसऱ्या फेकीला गळ जड झाला. मासा चार झेपा घेऊन काठाला आला, ओल्या पंच्यासारखा. चौदा वर्षांचा हात आहे, घड्याळजी मनात म्हणाला, झुंजायची हिंमतच झाली नाही त्याची.

एकसष्ट.

त्याने मासा पाण्यात धरला, सोडला. मासा हळूहळू प्रवाहाबरोबर खाली गेला. उद्या सकाळी वहीत खरा आकडा लिहायचा, हिरवी पाटी लावायची आणि तासाभरात हाच मासा सगळ्यांना सांगायचा. एकसष्ट! बसू दे सासूबाईंना फोटो पुसत.

तेवढ्यात खालून पाणी तुडवत कोणी येताना दिसलं. त्याने काठी गवतात सारली. साडू होता. त्याच्या दोन्ही हातांवर मासा होता, लुळा पडलेला.

"खालच्या वळणावर तरंगत होता, दादा." साडूने तो पुढे धरला. "ओठाला ताजी जखम आहे. कुणीतरी चोरून गळ टाकलाय. एवढी पाटी डोळ्यांसमोर असताना!"

घड्याळजीने माशाच्या ओठाकडे पाहिलं. "पण पाणी तर..."

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळे तर बाकीचे वाचले." साडूने मासा गवतावर ठेवला आणि बाहीने डोळे पुसले. "आज बोलतोच. पुलावरचं थर्मामीटर महिनाभर बिघडलंय, चार अंश कमी दाखवतं. बेकरीतलं माझं लावून पाहिलं मी. तुम्हाला सांगणार होतो, पण वही पाहिली तर तुम्ही रोज बरोबर चार मिळवून खरा आकडा लिहिताय. म्हटलं, याला म्हणतात जाणता माणूस. आपण काय शिकवणार?"