विकलेल्या गाईचं नाव

पुणतांब्याचे भागवत गुरुजी निवृत्तीनंतर सोसायटीच्या ओट्यावर एकच विषय शिकवतात. पैसे पाठवायच्या ॲपच्या नावाने येणारे खोटे मेल कसे ओळखायचे. घाई करतो तो खोटा, लिंक दाबायला लावतो तो खोटा. गावात अजून एकही माणूस फसलेला नाही, आणि याचं श्रेय गुरुजी नम्रपणे स्वतःकडेच घेतात.

त्यांचा मुलगा गोरक्ष परदेशात कॉम्प्युटरवर कामाला आहे, एवढंच गावाला माहीत आहे. तिथे त्याला कोंडून त्याच्याकडून असलेच मेल लिहून घेतात, आणि दिवसभरात कुणी फसलं नाही तर मारतात, हे त्याच्या शेवटच्या फोनपासून फक्त घरात माहीत आहे. त्या फोनला सात महिने झाले.

काल गुरुजींनाच मेल आला. आपलं खातं तासाभरात बंद होणार आहे, खालची लिंक दाबा, आणि ओळख पटवण्यासाठी घोडेगावच्या बाजारात विकलेल्या गाईचं नाव लिहा.

ती गाय त्यांनी गोरक्षच्या विमानाच्या तिकिटासाठी विकली होती.

"खोटा हाय का वो?" गोरक्षच्या आईने, छबूबाईंनी विचारलं.

"शंभर टक्के खोटा."

"मग बसलाय काय तुमी? तास व्हत आला. दाबा की."



गुरुजींनी लिंक दाबली, 'कपिली' असं लिहिलं, आणि पुढचे सगळे रकाने बिनचूक भरले.